पाठक आणि वक्ता : माध्यमिक शाळेतील मौखिक निवेदनाच्या मूल्यमापनाची चिकित्सा

१

परीक्षेत जे मोजावयाचे ते काय आहे, याचा निर्णय गुणदानाचा तक्ता तयार करण्यापूर्वी व्हावयास हवा. लेखी परीक्षेच्या बाबतीत हा निर्णय चुकला तरी उत्तरपत्रिका हाती राहते. ती पुन्हा तपासता येते आणि तपासनिसाची चूक उघडकीस येण्याचा संभव असतो. तोंडी परीक्षेत विद्यार्थ्याचे बोलणे बोलताक्षणीच विरून जाते आणि मागे उरतो तो केवळ एक आकडा. ते बोलणे विद्यार्थ्याचे स्वतःचे होते की दुसऱ्याने लिहून दिलेले होते, परीक्षकाने त्यातले काय ऐकले आणि काय ऐकले नाही, याचा कोणताही मागमूस राहत नाही. म्हणून माध्यमिक शाळांतील मौखिक निवेदनाच्या गुणदानाची चिकित्सा करताना आकड्यांपेक्षा निकषांकडे, आणि निकषांमागे गृहीत धरलेल्या भाषाविषयक कल्पनांकडे, प्रथम वळणे इष्ट ठरते.

महाराष्ट्रातील अलीकडचा एक अनुभव या दृष्टीने बोलका आहे. माध्यमिक शालान्त परीक्षेत भाषाविषयांसाठी ८० गुणांची लेखी परीक्षा आणि तोंडी परीक्षा व अंतर्गत मूल्यमापन यांसाठी २० गुण अशी विभागणी रूढ होती. मार्च २०१९ च्या परीक्षेत हे २० गुण वगळण्यात आले व लेखी परीक्षा १०० गुणांची झाली. २०१८ साली ८९.४१ टक्के असलेला एकूण निकाल २०१९ साली ७७.१० टक्क्यांवर आला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये वगळलेले गुण पुन्हा देण्याचा निर्णय झाला आणि मार्च २०२० च्या परीक्षेचा निकाल ९५.३० टक्के लागला. ही चढउतार केवळ तोंडी गुणांमुळे झाली असे म्हणणे घाईचे ठरेल; २०१९ साली अभ्यासक्रम व प्रश्नपत्रिकेचे स्वरूपही बदललेले होते. तथापि त्या वेळी झालेल्या सार्वजनिक चर्चेत एक गोष्ट लक्षणीय होती. तोंडी गुण गेले म्हणून विद्यार्थ्यांच्या बोलण्याचे शिक्षण खुंटेल, अशी चिंता क्वचितच व्यक्त झाली. उत्तीर्ण होण्याचा आधार गेला, आणि अन्य मंडळांच्या विद्यार्थ्यांच्या तुलनेत अकरावीच्या प्रवेशात आपली मुले मागे पडतील, हीच चिंता सर्वत्र होती. म्हणजे हे गुण काहीतरी मोजतात, अशी कोणाचीच प्रामाणिक समजूत नव्हती. जे गुण मोजमाप करीत नाहीत ते दयेचे गुण होत. दयाही शिक्षणात वर्ज्य नाही. परंतु तिला भाषणकौशल्याचे नाव दिल्याने भाषणकौशल्य शिकविण्याची जबाबदारी परस्पर टळते.

२

तोंडी परीक्षेत आणि शालेय वक्तृत्वस्पर्धेत सामान्यतः जे निकष योजले जातात ते असे : शुद्ध व स्पष्ट उच्चार, आवाजातील चढउतार, अस्खलितपणा, पाठांतर, हावभाव, आत्मविश्वास आणि विषयाची मांडणी. सातांपैकी सहा निकष उच्चारणाचे व अवतरणाचे आहेत. आशयाचा निकष एकच आहे, आणि तोही बहुधा शेवटी येतो.

या यादीची कुळी शोधू गेल्यास ती फार मागे जाते. पाणिनीय शिक्षेत सहा प्रकारचे अधम पाठक सांगितले आहेत : गाण्यासारखा सूर लावून म्हणणारा, घाई करणारा, मान हलविणारा, लिहिलेले पाहून वाचणारा, अर्थ न जाणणारा आणि क्षीण आवाजाचा. उत्तम पाठकाचे गुणही तेथे सहाच आहेत. त्यांत माधुर्य, अक्षरांची स्पष्टता, पदे तोडून म्हणणे, चांगला स्वर, धीटपणा आणि लय यांचा समावेश होतो. गुणदानाचा इतका नेटका तक्ता आजही क्वचितच आढळेल. परंतु तो कशाचा तक्ता आहे हे विसरता कामा नये. जो पाठ पिढ्यान्‌पिढ्या अक्षरशः जसाच्या तसा राखावयाचा आहे, ज्यात म्हणणाऱ्याने आपले असे एकही अक्षर घालावयाचे नाही, त्या पाठाच्या म्हणणाऱ्यासाठी तो आहे. त्याचा विषय पाठक हा आहे, वक्ता नव्हे.

पाठक आणि वक्ता यांच्या कार्यात मूलतःच भेद आहे. पाठकापुढे वाक्य तयार असते. ते निर्दोषपणे उच्चारणे एवढेच त्याचे काम. वक्त्यापुढे विषय असतो आणि श्रोता असतो. वाक्य त्याला घडवावे लागते, आणि तेही श्रोत्याच्या चेहऱ्याकडे पाहत, त्याला काय ठाऊक आहे व काय ठाऊक नाही याचा अंदाज घेत. शालेय तोंडी परीक्षा नावाने वक्त्याची आहे. निकष मात्र पाठकाचे आहेत. किंबहुना शिक्षाकाराने अर्थ न जाणणाऱ्याला निदान अधम तरी म्हटले. शालेय तक्त्यात अर्थ न जाणता म्हणणाऱ्याला उणे करणारे कलमच नाही.

या गोंधळाला महाराष्ट्राच्या सार्वजनिक जीवनातील वक्तृत्वप्रेमाची जोड मिळाली आहे. १८७५ साली न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकाराने पुण्यात सुरू झालेल्या वसंत व्याख्यानमालेपासून जाहीर व्याख्यान ही येथील एक प्रतिष्ठित संस्था झाली. व्याख्यानामागे वक्त्याचा व्यासंग असे आणि भाषण हे त्याचे फळ असे. शाळेने फळाचा आकार तेवढा उचलला. ‘अध्यक्ष महाशय, गुरुजनवर्ग आणि माझ्या बालमित्रांनो’ या संबोधनापासून समारोपाच्या घोषवाक्यापर्यंत सर्व साचा उतरला. व्यासंगाची जागा पालकांनी किंवा शिक्षकांनी लिहून दिलेल्या दोन पृष्ठांनी घेतली.

३

निकषांतील पहिला व सर्वांत निर्विवाद समजला जाणारा निकष ‘शुद्ध उच्चार’ हा होय. भाषाशास्त्राच्या दृष्टीने तोच सर्वांत अधिक वादग्रस्त आहे.

वर्गात ‘पाणी’ऐवजी ‘पानी’ म्हणणाऱ्या मुलाचे गुण कापले जातात. वऱ्हाडाकडील ‘डोळा’चे ‘डोया’ झाले तर हशाही होतो. दोन्ही ठिकाणी प्रमाण मराठीतील एक उच्चारभेद बोलीत नाहीसा झालेला आहे, हे खरे. परंतु भेद नाहीसा होणे हाच जर दोष, तर तो एकट्या बोलीचा नाही. बहुसंख्य सुशिक्षितांच्या मराठी उच्चारात ‘श’ आणि ‘ष’ यांच्यातील भेद, ट-वर्गीय व्यंजनापूर्वीचे स्थान सोडल्यास, उरलेला नाही. ‘विशेष’ या शब्दातील दोन्ही ऊष्मे ते एकाच स्थानी उच्चारतात. ‘ऋ’चा उच्चार ‘रु’ असा होतो. शब्दाच्या अंती येणाऱ्या इकार-उकारांचे ऱ्हस्वदीर्घत्व उच्चारात अर्थभेदक राहिलेले नाही. यांपैकी कशासाठीही कोणत्याही परीक्षकाने गुण कापल्याचे ऐकिवात नाही, आणि ते योग्यच आहे, कारण परीक्षकाचा स्वतःचा उच्चारही तसाच असतो. मग ‘ण’चा लोप अशुद्ध आणि ‘ष’चा लोप शुद्ध, हा निवाडा कोणत्या ध्वनिशास्त्रीय तत्त्वाने होतो? तत्त्व एकच दिसते : पहिला लोप ज्यांच्या बोलीत झाला ते परीक्षक नाहीत, दुसरा ज्यांच्या बोलीत झाला ते आहेत.

येथे एक आक्षेप संभवतो व तो विचारार्ह आहे. ‘मन’ आणि ‘मण’ यांसारख्या जोड्यांत ‘न’ व ‘ण’ हे अर्थभेदक स्वनिम आहेत. ‘श’ व ‘ष’ यांच्या भेदावर अर्थ अवलंबून असण्याचे प्रसंग जवळजवळ नाहीत. तेव्हा दोन लोप समान कसे? उत्तर असे की, परीक्षेचा विषय स्वनिमांची गणना हा नसून आशय पोहोचला की नाही हा आहे. ‘तीन मन ज्वारी’ असे ऐकून अंतःकरणाचा बोध कोणालाही होत नाही. संदर्भाने अर्थ निश्चित होत असेल तेथे उच्चारभेदाचा लोप ही आकलनातील अडचण ठरत नाही. आणि जेथे ती खरोखरच ठरेल तेथे गुण जावेत, पण ते अस्पष्टतेसाठी जावेत, अशुद्धतेसाठी नव्हे.

हा केवळ शब्दांचा काथ्याकूट नाही. मेळघाटातील कोरकूभाषी मूल, गडचिरोलीतील गोंडीभाषी मूल किंवा नंदुरबारमधील पावरी बोलणारे मूल मराठी माध्यमाच्या शाळेत मराठी हा प्रथम भाषेचा विषय म्हणून घेते, तेव्हा कागदोपत्री ते पुण्यातील मुलाच्याच रांगेत उभे असते. कोरकू ही तर मुंडा कुळातील आणि गोंडी द्राविड कुळातील. त्यांचा व मराठीचा घरोबा शेजाराचा आहे, रक्ताचा नाही. या मुलाने उभे राहून मराठीत सलग तीन मिनिटे बोलणे हा भाषिक पराक्रम होय. ‘शुद्ध उच्चार : ५ गुण’ या कलमाखाली त्याच्या पदरी दोन गुण पडतात तेव्हा त्याच्या वक्तृत्वाचे नव्हे तर जन्मस्थानाचे मोजमाप झालेले असते.

प्रमाणभाषा शिकवू नये, असा याचा अर्थ नाही. ती शिकविलीच पाहिजे. कचेरीत, न्यायालयात, विद्यापीठात ती लागते, आणि ज्याच्या घरी ती नाही त्याला ती शाळेखेरीज कोण देणार? परंतु प्रमाण उच्चारणाची परीक्षा वेगळी आणि निवेदनाची परीक्षा वेगळी. पहिली प्रकट वाचनातून घेता येते व तेथे पाठकाचे निकष यथायोग्य आहेत. दोहोंची सरमिसळ केली की निवेदनाच्या गुणांतून निवेदनाविषयी काहीच कळेनासे होते.

४

दुसरा निकष अस्खलितपणाचा. येथे दोन काल्पनिक नमुने समोर ठेवणे सोयीचे होईल. विषय ‘पाणी’. एक विद्यार्थी म्हणतो : ‘पाणी हे मानवी जीवनाचे अमूल्य वरदान आहे. निसर्गाने ते आपल्याला मुक्तहस्ते बहाल केले आहे.’ दुसरा म्हणतो : ‘आमच्या गावात सात विहिरी हायेत. म्हणजे, हायेत सात, पन उन्हाळ्यात तीनच चालतात. त्या तीन ओढ्याच्या कडेला हायेत, म्हनून.’

रूढ तक्त्याप्रमाणे पहिल्याला अधिक गुण मिळतात. त्याचा उच्चार प्रमाण आहे, वाक्य अखंड आहे, स्वर चढता-उतरता आहे. दुसरा अडखळला, ‘म्हणजे’ म्हणाला, वाक्य मोडून पुन्हा जोडले. आता आशयाकडे पाहावे. पहिल्याच्या दोन वाक्यांत एकही विधान असे नाही की जे चूक ठरण्याचा संभव आहे. अर्थात जे बरोबर ठरविता येईल असेही एकही नाही. दुसऱ्याने मोजणी केली, वर्गीकरण केले, अपवाद सांगितला आणि कारण दिले. त्याचे ‘म्हणजे’ हे अडखळणे नसून दुरुस्ती आहे : ‘सात आहेत’ हे विधान श्रोत्याची दिशाभूल करील, हे ध्यानात येताच त्याने ते मर्यादित केले. श्रोत्याच्या मनात काय चालले आहे याचे भान हा वक्त्याचा पहिला गुण. तो येथे दिसतो आणि नेमका त्याच जागी गुण कापला जातो.

उत्स्फूर्त भाषणातील विरामांचा प्रयोगनिष्ठ अभ्यास करणाऱ्या फ्रीडा गोल्डमन-आयस्लर यांनी १९६८ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात दाखविले की, बोलताना पडणारे विराम पुष्कळ अंशी विचाराच्या जुळणीशी निगडित असतात. सरावाच्या, ठरीव बोलण्यात ते कमी होतात आणि नव्याने काही मांडताना वाढतात. यावरून प्रत्येक विराम विचाराचाच असतो असे मात्र ठरत नाही. भीतीने गप्प होणारेही मूल असते. म्हणून विरामांची संख्या न मोजता त्यांचे स्थान पाहावयास हवे. विरामानंतर वाक्य पुढे गेले, अधिक नेमके झाले, तर तो विराम दोष म्हणून धरू नये.

पाठांतर ओळखण्याचे एक साधन मराठी व्याकरणानेच परीक्षकाच्या हाती दिले आहे. प्रमाण मराठी बोलणारी सुशिक्षित व्यक्तीही बोलताना ‘केलं, झालं, त्यानं’ असे म्हणते. लिहिताना ‘केले, झाले, त्याने’ असे लिहिते. लेखनविषयक नियमांतही अनुस्वारयुक्त रूप बोलण्याचे चित्रण करण्यापुरतेच मान्य केलेले आहे. म्हणजे ही दोन रूपे लिखित आणि मौखिक अशा दोन प्रयुक्तींच्या खुणा होत. विद्यार्थ्याच्या तोंडून ‘निसर्गाने बहाल केले’ असे लिखित रूप आले तर बहुधा त्याच्या मनापुढे कागद आहे असे समजावे. आश्चर्य असे की, हीच खूण परीक्षक ‘शुद्ध भाषे’ची म्हणून स्वीकारतात आणि सहजपणे ‘केलं’ म्हणणाऱ्याला सैल भाषेचा समजतात. जी खूण पाठांतराचा संशय निर्माण करावयाची तीच गुणवाढीचे कारण होते.

५

विद्यार्थी किती व कसे बोलतो हे जितके त्याच्यावर तितकेच प्रसंगावर अवलंबून असते. विल्यम लबॉव्ह यांनी १९६९ च्या आपल्या प्रसिद्ध निबंधात न्यूयॉर्कच्या हार्लेम भागातील एका आठ वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलाच्या मुलाखतींचे वर्णन केले आहे. प्रथम मुलाखतकारासमोर तो एकेका शब्दात उत्तरे देई किंवा गप्प राही. आणि हा मुलाखतकार त्याच समाजातील, त्याच भागात वाढलेला होता. पुढच्या वेळी त्याच मुलाखतकाराने खाऊ आणला, मुलाच्या मित्राला बरोबर घेतले आणि तो जमिनीवर बसला. तेव्हा तोच मुलगा बोलण्याची संधी मिळविण्यासाठी मित्राशी चढाओढ करू लागला. मुलाजवळ भाषा नाही हा पहिल्या बैठकीचा निष्कर्ष वस्तुतः बैठकीविषयीचा निष्कर्ष होता.

हे उदाहरण लहान मुलाचे व परदेशातील आहे. ते माध्यमिक शाळेला जसेच्या तसे लागू होत नाही. पंधरा-सोळा वर्षांच्या विद्यार्थ्याने औपचारिक प्रसंगी बोलता येणे ही अपेक्षा रास्तच आहे. परंतु टेबलापलीकडे परीक्षक, हातात गुणपत्रक आणि मागे रांगेत ताटकळणारे विद्यार्थी, अशा प्रसंगी जे ऐकू येते ते विद्यार्थ्याचे सामर्थ्य नसून त्या प्रसंगातील त्याची किमान मर्यादा होय, एवढे भान परीक्षकास असावे. विशेषतः मौनाला शून्य देण्यापूर्वी प्रश्न बदलून पाहणे त्याचे कर्तव्य ठरते.

६

आता परीक्षकाविषयी. एका गुणाच्या प्रभावाने दुसरे गुण दिसू लागतात, हे थॉर्नडाइक यांनी १९२० साली सैन्यातील अधिकाऱ्यांनी आपल्या हाताखालच्यांना दिलेल्या श्रेणींच्या आधारे दाखविले होते. देखण्या, उंच आवाजाच्या, नीटनेटक्या मुलीची मांडणीही मुद्देसूद वाटू लागते. दोन परीक्षकमंडळांमध्ये किती अंतर पडते याचा प्रत्यय हार्टॉग व ऱ्होड्स यांनी १९३५ साली प्रसिद्ध केलेल्या परीक्षाविषयक संशोधनातून येतो. तेच १६ उमेदवार दोन मंडळांपुढे तोंडी मुलाखतीस बसविण्यात आले. दोहोंच्या गुणांतील सहसंबंध अवघा ०.४१ निघाला, आणि एका मंडळाने पहिला ठरविलेला उमेदवार दुसऱ्याकडे तेरावा आला.

या अडचणीला इंग्लंडने दिलेली उत्तरे उद्‌बोधक आहेत. अँड्र्यू विल्किन्सन यांनी १९६५ साली साक्षरतेच्या इंग्रजी शब्दाच्या धर्तीवर वाचिक क्षमतेसाठी ‘ओरसी’ हा शब्द घडविला तो याच देशात. तेथील शालान्त परीक्षेत इंग्रजी विषयाच्या एकूण श्रेणीत भाषण-श्रवणाचा वाटा बराच मोठा असे. शिक्षकांच्या गुणदानात एकवाक्यता नाही व ती तपासण्याचे साधनही नाही, या कारणाने २०१४ पासून हे गुण श्रेणीतून वगळण्यात आले. २०१७ पासून निवेदन आणि त्यानंतरची प्रश्नोत्तरे यांची स्वतंत्र नोंद उत्तीर्ण, गुणवत्ता व विशेष प्रावीण्य अशा तीन पायऱ्यांत होऊ लागली व नमुन्यादाखल काही निवेदनांचे चित्रमुद्रण आवश्यक ठरले. या व्यवस्थेत श्रोत्यांच्या प्रश्नांना दिलेला प्रतिसाद हा निकष मानला गेला, ही तिची जमेची बाजू. परंतु प्रमाण इंग्रजीचा निकष तेथेही कायम आहे. आणि एकूण श्रेणीपासून तुटलेल्या नोंदीकडे शाळा दुर्लक्ष करतील, हा धोका उघड आहे. गुण ठेवले तर ते फुगतात, काढले तर विषय शिकविला जात नाही. महाराष्ट्र आणि इंग्लंड या दोघांनी याच पेचाची दोन टोके अनुभवली.

७

या पेचातून पूर्णपणे सुटण्याचा मार्ग नाही. परंतु काही सुधारणा शक्य आहेत. पहिली, पाठक आणि वक्ता यांची फारकत. प्रकट वाचन व पाठांतर यांना स्वतंत्र, मर्यादित गुण असावेत आणि उच्चाराचा निकष तेथेच संपावा. दुसरी, निवेदनाचा विषय विद्यार्थ्याला प्रत्यक्ष माहीत असलेला असावा : गावची विहीर, घरचा धंदा, केलेला प्रयोग, वाचलेले पुस्तक. ज्याच्याजवळ सांगण्यासारखे काही आहे त्याचेच सांगणे मोजता येते. तिसरी, तीन मिनिटांच्या निवेदनानंतर दोन मिनिटे वर्गमित्रांचे प्रश्न, आणि निम्मे गुण उत्तरांना. पाठ केलेले भाषण प्रश्नापुढे टिकत नाही. ओढ्याकाठच्या विहिरींना पाणी का टिकते, असे विचारले तर ज्याने विहीर पाहिली आहे तो बोलू लागतो. न्यायशास्त्राने तत्त्वनिर्णयासाठी चालणारा वाद आणि जिंकण्यासाठी चालणारा जल्प यांत भेद केला. शाळेने वादाची सवय लावावी. चौथी, ध्वनिमुद्रण. भ्रमणध्वनीमुळे ते आज खर्चिक राहिलेले नाही. प्रत्येक शाळेतील थोडी निवेदने शेजारच्या शाळेतील शिक्षकांनी ऐकून श्रेणी दिल्यास दोहोंतील अंतर निदान उघड होईल.

यावर वेळेचा आक्षेप येईल. ६० विद्यार्थ्यांच्या वर्गास प्रत्येकी पाच मिनिटे म्हणजे पाच तास. तीस-पस्तीस मिनिटांच्या तासिका धरल्यास नऊ-दहा तासिका. हा भार लहान नाही. परंतु या तासिका परीक्षेच्या न मानता अध्यापनाच्या मानल्या आणि वर्षभर विखुरल्या, तर एकाच्या बोलण्यात उरलेले एकोणसाठ श्रोते व प्रश्नकर्ते होतात आणि श्रवणाचे शिक्षणही त्यातच होते. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे : प्रत्येकाला निराळे प्रश्न विचारले गेल्यास एकरूपता आणखी कमी होईल. हे मान्य केले पाहिजे. पाठांतराचे गुणदान प्रश्नोत्तरांच्या गुणदानापेक्षा अधिक एकरूप होते, यात शंका नाही; कारण चूक-बरोबर ताडून पाहण्यास तेथे मूळ पाठ असतो. परंतु नको ती गोष्ट अचूक मोजण्यापेक्षा हवी ती गोष्ट स्थूलमानाने मोजणे श्रेयस्कर. स्थूल मापाला वीस पायऱ्या नसाव्यात, तीन-चार असाव्यात, एवढी सावधगिरी मात्र हवी.

ज्या विद्यार्थ्याने सात विहिरी मोजल्या त्याला प्रचलित तक्ता ‘उच्चार सुधारावा’ एवढाच शेरा देऊ शकतो. त्याची मोजणी, त्याचा अपवाद आणि त्याचे कारण ऐकू येण्याजोगा तक्ता करणे हे भाषाशिक्षकांचे व भाषाशास्त्राच्या अभ्यासकांचे समाईक काम आहे. शिक्षकपदवीच्या आणि भाषाशास्त्राच्या अभ्यासक्रमांत या प्रश्नाला सध्या मिळणारे स्थान अत्यल्प आहे. निरनिराळ्या बोलीक्षेत्रांतील विद्यार्थ्यांच्या निवेदनांचे ध्वनिमुद्रित संकलन व त्याचे विश्लेषण यापासून त्या कामास आरंभ करता येईल.